सुरनिसांना एका मुद्रितशोधकाचे खुले पत्र

मा. सचिव,
मराठी भाषा विभाग,
मंत्रालय, मुंबई.



आपली ओळख नाही. मी पुण्यातल्या छापखान्यांमध्ये चौतीस वर्षं प्रुफं तपासली. सुरुवात खिळ्यांच्या काळात झाली आणि शेवट संगणकाच्या पडद्यावर. व्यवसायाचं भारदस्त नाव 'मुद्रितशोधक', पण छापखान्यात मला कायम 'प्रूफवाले' म्हणत. तरीही तुम्हाला पत्र लिहिताना संकोच वाटत नाही, कारण तुमचा आणि माझा धंदा मुळात एकच आहे.

थट्टा करत नाही. 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, अष्टप्रधानांची कामं कानूजाबत्यात नेमून दिली गेली. त्यात सचिवाचं काम काय? राजपत्रं नीट शोधायची, अधिक-उणं अक्षर-मजकूर दिसेल तो शुद्ध करायचा आणि महाल-परगण्यांचा हिशेब राखायचा. हिशेबाचं सोडा, ते मला कधी जमलं नाही. पण पहिलं काम वाचून मी खुर्चीतच ताठ बसलो. म्हणजे तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी सचिव हा स्वराज्याचा प्रूफवाला होता, आणि त्याला ताजीम होती!

त्याही आधी त्याचं नाव सचिव नव्हतं, 'सुरनीस' होतं. शब्द फारशी. महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारशी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. महाराष्ट्रातला पहिला पदनाम कोश म्हणा हवं तर. हे सगळं आपण शाळेत शिकलो. शाळेत शिकवलं गेलं नाही ते त्या शब्दांचं पुढे काय झालं, ते. मला त्याचीच गोडी जास्त.

पदावरून उतरवलेले फारशी शब्द मेले नाहीत. ते आडनावं होऊन घराघरात बसले. मुजुमदार, डबीर, सुरनीस, वाकनीस, पोतनीस, सबनीस. 'पेशवा'ला तर संस्कृत पर्याय बांधूच शकला नाही. चाळीस-पन्नास वर्षांत तो असा उसळला की त्याच्या नावाची अख्खी पेशवाई झाली. मुख्य प्रधान शिक्क्यावर राहिला, तोंडी पेशवेच. मात्र 'प्रधान'ही वाया गेला नाही. दिल्लीतल्या सर्वोच्च मंत्र्याला हिंदी माणूस 'प्रधानमंत्री' म्हणतो आणि आपण 'पंतप्रधान'. त्या 'पंता'चा इतिहास पुण्या-साताऱ्याकडचा आहे, हे आपल्याला बोलताना जाणवतही नाही.

तुमच्या पदाची वाटचाल आणखी मजेची. सचिवपद पुढे एका घराण्यात वंशपरंपरेने राहिलं आणि भोरचे संस्थानिक 'पंतसचिव' झाले. म्हणजे अक्षरं शुद्ध करणारा थेट राजा झाला. (आम्हा प्रूफवाल्यांपैकी तेवढा एकच नशीबवान.) मग इंग्रजी अमदानीतल्या 'सेक्रेटरी'ला मराठी करायची वेळ आली, तेव्हा हा शब्द पुन्हा कामाला जुंपला गेला. तोही एकटा पुरला नाही. सरकारात 'सचिव', राजकीय पक्षात 'सरचिटणीस', साहित्य संस्थेत 'कार्यवाह'. इंग्रजीत तिघेही सेक्रेटरीच. पण गणेश मंडळाच्या चिटणिसाला चुकून 'सचिव' म्हणून पाहा, तो जरा ताठ होतो की नाही. आणि तुमच्याकडचा 'मंत्री'? त्या वेळचा मंत्री म्हणजे वाकनीस, महाराजांची रोजनिशी आणि आमंत्रणं सांभाळणारा. आज तो तुमच्यावर बसतो. 1975 साली तर इमारतीची पाटीच बदलली आणि 'सचिवालया'चं 'मंत्रालय' झालं.

एवढा पाल्हाळ लावला, कारण मला मागायचं आहे ते यातूनच निघतं. वर जे सांगितलं ते मला इतिहासाच्या पुस्तकांतून तुकडे गोळा करून जुळवावं लागलं. 'सचिव' शब्द उघडावा आणि तो कोणत्या सालच्या कोणत्या कागदात कोणत्या अर्थाने आला, मग कधी वळला, जुना अर्थ कधी विझला, हे एका जागी वाचायला मिळावं, असा मराठी कोश माझ्या हयातीत माझ्या टेबलावर आला नाही.

कोश माझ्याकडे आहेत. जेम्स मोल्सवर्थचा, 1831 साली पहिल्यांदा निघालेला आणि 1857 साली वाढवलेला. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, 1932 ते 1938 मध्ये निघालेले सात खंड. माधवराव पटवर्धनांचा 1925 सालचा फारसी-मराठी कोश. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश, 1946 चा. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, 1999 चा. या मंडळींपुढे मी हात जोडतो. दाते-कर्वे तर उताऱ्यांची उदाहरणं देतात, शब्द कोकणातला की वऱ्हाडातला तेही सांगतात. पण कुठला अर्थ आधी, कुठला मागून, आणि मागून म्हणजे केव्हा, हे विचारलं की सगळे गप्प होतात.

आता 'वाढवलेला' शब्द आलाच आहे, तर त्याच्यापाशी थोडं थांबतो.

आमच्या कोपऱ्यावर वाण्याचं जुनं दुकान आहे. मालक सत्तरीचे. मागच्या पावसाळ्यात रात्री नवाच्या सुमारास ते फळ्या लावत होते. नव्याने राहायला आलेली एक मुलगी बिस्किटं मागायला आली. ते म्हणाले, "बाळ, दुकान वाढवलं आता." ती हरखून म्हणाली, "अरे वा काका, शेजारचा गाळा घेतला का?" वाणी माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. मुलगी चांगली मराठी, अस्सल सोलापूरची. तिच्या कानावर 'दुकान वाढवणं' बंद करण्याच्या अर्थाने कधी पडलंच नव्हतं.

आपल्या माणसांना वाईट बोलायची किती भीती होती बघा. दुकान 'बंद' म्हणायचं नाही. बांगडी फुटली म्हणायचं नाही, 'वाढवली'. कुंकू संपलं नाही, 'वाढलं'. देवापुढे नारळ फोडत नाहीत, 'वाढवतात'. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. निघताना 'जातो' नाही, 'येतो'. माझी आजी तर घरातलं मीठ संपलं तरी तसं म्हणत नसे. यामुळे 'वाढवणे' या क्रियापदाच्या पोटात त्याचा नेमका उलटा अर्थ जाऊन बसला: मोडणं, फुटणं, संपणं. तो कधी बसला? पेशवाईत होता का? देशावर होता तसा कोकणात, विदर्भात होता का? आणि आता तो निघून चाललाय, तर कुठल्या पिढीपाशी तुटला? बातमीत 'नारळ वाढवून उद्घाटन' अजून छापतात. तेवढाच तो छापील खुंट उरलाय. बांगडीचा अर्थ माझ्या सुनेला माहीत आहे, नातीला नाही.

दुसरा शब्द तुमच्या खात्याशी जास्त जवळचा: 'बोळवण'. लेक सासरी निघाली की वेशीपर्यंत जायचं, साडी-चोळी, शिदोरी द्यायची, डोळे पुसायचे. ती बोळवण. शब्द उच्चारला तरी गळा दाटावा असा. आज वर्तमानपत्रात तो कुठे भेटतो? 'तुटपुंज्या मदतीवर शेतकऱ्यांची बोळवण', 'आश्वासनावर शिष्टमंडळाची बोळवण'. हातावर काहीतरी टेकवून वाटेला लावणं. माया गेली, निरोप तेवढा उरला. हा बदल मी स्वतः प्रुफांवर होताना पाहिला. सुरुवातीला मथळ्यात असा शब्द आला की आमचे एक वृद्ध उपसंपादक समासात प्रश्नचिन्ह करायचे. काही वर्षांनी त्यांनी ते सोडून दिलं. कोणत्या वर्षी सोडलं ते मी लिहून ठेवलं नाही, याची आज हळहळ वाटते.

सरकारी भाषेचा आणि बोलीचा असा काडीमोड वरचेवर होतो आणि त्यात आम्हा प्रूफवाल्यांची करमणूक होते. 'आगाऊ' घ्या. कागदावर आगाऊ रक्कम, आगाऊ नोंदणी. घरात मात्र 'आगाऊ कार्टं'. पत्राखाली 'आगाऊ आभार' असं आलं की जुळाऱ्यांपैकी तरुण पोरं फिदीफिदी हसायची. 'चालू' तसाच. बँकेत चालू खातं प्रतिष्ठेचं, पण माणूस चालू निघाला की पंचाईत. आणि 'शिक्षा'! हिंदीतून मराठी केलेल्या एका पुस्तिकेत 'प्रत्येक मुलाला चांगली शिक्षा मिळालीच पाहिजे' असं वाक्य आलं होतं. मी ते अर्थातच दुरुस्त केलं. नंतर 'सर्व शिक्षा अभियान' आलं, मग 'समग्र शिक्षा' आली, तीही मराठी पाट्यांवर जशीच्या तशी. आधी हसलो. आता वाटतं, आणखी पन्नास वर्षांनी मराठीतली शिक्षा परत संस्कृतातल्या शिक्षेकडे, म्हणजे शिकण्याकडे, वळली तर? तशी वळली तर पहिली पाटी कुठली, हे कोणी टिपून ठेवलंय का?

नवे शब्द घडवण्याबद्दल तुमच्याकडे खूप लोक पत्रं लिहीत असतील. मी त्यांतला नाही. शब्द घडवायलाच हवेत. सावरकरांच्या नावावर दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा असे शब्द सांगितले जातात आणि ते न वापरता आज एक दिवस जात नाही. 'संगणक' रुळला. 'दूरध्वनी' मात्र पत्रशीर्षावर राहिला आणि 'भ्रमणध्वनी' निमंत्रणपत्रिकेवर, तोही फक्त 'संपर्क' या शब्दाच्या शेजारी. सरकारच्या पहिल्या पदनाम कोशाची साठच्या दशकात 'बदनाम कोश' म्हणून टवाळी झाली, तरी त्यातले कितीतरी शब्द आज पाटीवर निमूट बसलेत. यात मला कुठला नियम दिसत नाही. एक गोष्ट तेवढी दिसते: नवा शब्द आला म्हणून जुना जात नाही, दोघं काम वाटून घेतात. 'दिनांक' आला तरी 'तारीख' गेली नाही. ती कोर्टात जाऊन बसली. "काय झालं केसचं?" "तारीख पडली." इथे कोणी 'दिनांक पडला' म्हणून बघावं.

आणि लोक स्वतःच शब्द घडवतात, तो कारखाना कुठल्याही समितीपेक्षा जलद चालतो. माझा आवडता शब्द 'सातबारा'. महसूल खात्याचे गावनमुने. सात नंबरच्या नमुन्यात जमीन कोणाची ते, बाराच्या नमुन्यात पीक काय ते. दोन्ही एका कागदावर आले, म्हणून सात आणि बारा. यात भाषेचं काय आहे? दोन आकडे. पण शेतकऱ्याने ते जोडले, पुल्लिंगी केले आणि 'घोडा-घोड्यावर' तसं 'सातबारा-सातबाऱ्यावर' चालवलं. माणमधला माझा मामेभाऊ नातवावर ओरडतो, "फोन ठेव खाली! तुझ्या सातबाऱ्यावर चढलाय व्हय त्यो?" इथे जमिनीचा संबंध संपला, मालकीचा शिल्लक राहिला. आणि 'सातबारा कोरा करा' ही मागणी बघा. शब्दशः सातबारा कोरा झाला, तर त्यावरचं नावही गेलं, शेतकरी ऊर बडवील. त्याला म्हणायचं असतं की इतर अधिकारांच्या रकान्यात सोसायटीचा जो बोजा चढलाय, तेवढा उतरवा. ऐकणाऱ्याला हे बरोबर कळतं. सरकारलाही कळतं, फक्त कधी कधी उशिरा.

ज्याच्याकडून हा उतारा मिळायचा, त्या तलाठ्याचं पदनाम अलीकडे 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. होऊ दे, हरकत नाही. गावात त्याला तोंडावर तलाठी तरी कोण म्हणत होतं? तो तेव्हाही 'भाऊसाहेब' होता, आजही आहे. 'भाऊसाहेब, तेवढा फेरफार बघा की.' तुमच्या पदनाम कोशात भाऊसाहेब मिळायचा नाही. मला तो हवा आहे. कोणत्या जिल्ह्यात तलाठी भाऊसाहेब, कुठे ग्रामसेवक भाऊसाहेब, आणि कुठे दोघंही नाहीत, हे हवं आहे. आकड्यांचंच बोलायचं तर 'चारशेवीस'ही. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता 318. पण नाक्यावरचा लबाड अजून चारशेवीसच आहे आणि पुढेही राहील. त्याला 'तीनशेअठरा' म्हणण्यात काही मजा नाही. साठ वर्षांनी एखादं पोर विचारेल, लबाडाला चारशेवीस का म्हणतात? तेव्हा उत्तर कुठल्या कोशात असेल?

आणखी एक शब्द, मग मागण्याकडे येतो. 'बाई'. जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई. नावामागे लागायचा तो मान. शाळेत आम्हाला शिकवायच्या त्याही बाई. त्यांचं नाव काय हे विचारायची छाती नव्हती. आणि आज सकाळी दहाला सोसायटीच्या जिन्यात ऐका: 'आमची बाई आज आली नाही.' कोशकार म्हणेल, अर्थाची घसरण झाली. पण तेवढंच म्हणून भागत नाही, कारण दोन्ही बाया अजून एकाच घरात नांदतात. माझी सून शिक्षिका आहे. तिच्या शाळेतून फोन आला की नात सांगते, 'बाई बोलतायत.' भांडी घासायला कोणी आलं की तीच नात सांगते, 'बाई आली.' 'बाई आल्या' आणि 'बाई आली' यांत एका अक्षराचा फरक, आणि त्या अक्षरात कोण कुठल्या दाराने आत येतं ते सगळं आहे. हे मी प्रूफ तपासतानाच शिकलो. एका कथेत जुळाऱ्याने 'आल्या'चं 'आली' केलं, आणि मुख्याध्यापिका एका ओळीत मोलकरीण झाली. हल्ली बोलणाऱ्यांनाच ते टोचू लागलंय. म्हणून 'मावशी' आल्या, 'ताई' आल्या. दवाखान्यात मावशी, अंगणवाडीत ताई. शब्दकोशातली 'मावशी' मात्र अजून आईची बहीणच आहे.

तर मागणं असं. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला. पेढे झाले, कमानी झाल्या. आता मराठीचा इतिहासक्रमी कोश हाती घ्या. प्रत्येक शब्द, त्याचा प्रत्येक अर्थ, आणि प्रत्येक अर्थाला साल, कागद आणि गाव.

हे अशक्य म्हणू नका. पुण्यातच, डेक्कन कॉलेजात, संस्कृतसाठी असा कोश 1948 पासून चालू आहे. त्या चिठ्ठ्यांच्या खणांची भिंत मी एकदा पाहून आलोय. काम संपलेलं नाही आणि लवकर संपणारही नाही. पण कशा रीतीने करायचं ते शिकवणारी माणसं तुमच्या हाकेच्या अंतरावर आहेत. आणि आपल्याकडे जे भांडवल आहे ते फार थोड्या भाषांकडे असेल. मराठीत रोजच्या व्यवहाराचं, तारखा घातलेलं गद्य ढिगांनी पडलंय. पेशवे दफ्तरातले मोडीचे रुमाल म्हणजे नुसत्या लढाया नव्हेत. त्यात तूप किती आलं, घोडं का लंगडलं, कोणाची बोळवण कशी झाली, हे सगळं आहे आणि त्यावर तिथी-वार-शक आहे. इतिहासकार राजवाड्यांनी छापलेले मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड आहेत. 6 जानेवारी 1832 च्या 'दर्पण'पासूनची वर्तमानपत्रं आहेत. ओवीतल्या शब्दाच्या वयावरून पंडितांनी खुशाल भांडावं. उधारीच्या कागदाला वय विचारावं लागत नाही, ते त्यावरच लिहिलेलं असतं.

दुसरं, यासाठी फक्त प्राध्यापक नेमू नका. एसटीचे वाहक, परिचारिका, मासळी विकणाऱ्या, तलाठी, वकिलांचे कारकून, यांच्याकडून चिठ्ठ्या मागवा. साताऱ्या-सांगलीकडे जीपला 'वडाप' म्हणतात आणि मराठवाड्यात तसल्याच गाडीला 'काळीपिवळी'. हे त्या गाडीत मांडीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला जितकं पक्कं ठाऊक असतं, तितकं विद्यापीठाला नसतं. गोव्यातल्या, बडोद्या-इंदुरातल्या, तंजावरच्या मराठी घरांनाही विचारा. आपण टाकलेले अर्थ त्यांनी अजून जपले असतील.

तिसरं म्हणजे, अर्थ बदलला की 'अशुद्ध' असा शिक्का मारायचा मोह आवरा. हे मी सांगतोय, ज्याने उभं आयुष्य लाल शाईत घालवलं. पान छापायला जाण्याआधी मी चूक काढीन, ते माझं कामच होतं. पण 'भारी' म्हणजे जड की उत्तम, याचा निवाडा तुम्हीही करू नका, मीही करत नाही. 'भारी' उत्तम कधी झाला ते तेवढं लिहून ठेवू.

माझ्याकडे बुटांच्या दोन खोक्यांत चिठ्ठ्या आहेत. छापखान्यात मोकळा वेळ मिळे तेव्हा फेकलेल्या प्रुफांच्या पाठीवर लिहिलेल्या: शब्द, अर्थ, कोण म्हणालं, कुठे. साल बऱ्याच ठिकाणी घातलेलं नाही, पण प्रुफाच्या पुढच्या बाजूवरून ते काढता येईल. 'बोळवण'ची चिठ्ठीही त्यात आहे, फक्त पाठीमागचं प्रूफ फाटलंय. कोणी पाठवणार असाल तर सकाळी या. दुसऱ्या खोक्याची दोरी सोडताना जपून, तळाला वाळवी लागली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे